बाहीच्या आतला रंग

माझ्या लग्नात अक्षता पडून अर्धा तासही झाला नसेल, सासूनं मला मांडवाच्या कडेला ओढलं आणि माझ्या चोळीची बाही वर सरकवली. आतली कातडी बघितली. मग मनगट बघितलं. परत दंड बघितला. मग शेजारी उभ्या असलेल्या तिच्या जावेला म्हणाली, "तीच हाय गं. न्हाई बदलली."

तिचा संशय खोटा नव्हता. तिच्या जागी मी असते तर मीही बाही वर केली असती.

आम्ही जामखेडच्या बाजूचे. दसरा झाला की आई-बाप कोयते घेऊन देवळाली प्रवरेकडं ऊस तोडायला जायचे. चौथी झाली आणि माझीही शाळा सुटली, मग मीही जायला लागले. मला बघायला पाहुणे आले ते श्रावणात. त्या साली मला हिवताप झाला होता. दोन महिने घराबाहेर पडले नव्हते, त्यात आभाळ भरलेलं. आजारानं अंगातलं रक्त गेलं आणि लोकांना वाटलं पोरगी उजळ आहे. सासऱ्यानं विचारलं, "पोरगी कोयत्याला जाती का?" माझा बाप म्हणाला, "छ्या, घरी म्हातारीजवळ असती." पोरगी घरी राहते म्हटलं की चार माणसांत वजन पडायचं, म्हणून तो तसं म्हणाला. लग्न वैशाखात ठरलं.

मग मी प्रवरेला गेले आणि सहा महिने ऊस तोडला. आता बाया लुगड्यावरून पुरुषाचा सदरा घालतात, हात झाकतात. तेव्हा मला सदरा कोण देणार होतं? पाचटानं हात चिरायचे, वरून ऊन. परत आले तेव्हा आईनं मला दारात उभी केली आणि माझे हात उलटेपालटे करून बघितले. मग आठ दिवस डाळीचं पीठ लावलं. आठ दिवसांत काय निघणार?

तिकडं सासूनं दिवाळीच्या सुमारालाच माझा शालू घेऊन ठेवला होता. नवरीला दुकानात न्यायची रीत तेव्हा नव्हती. दुकानदारानं विचारलं, मुलगी कशी? सासू म्हणाली, गव्हाळ. त्यानं फिकट लिंबू रंगाचा शालू दिला. त्या रंगात मी वैशाखाच्या उन्हात, भर दुपारी, अंतरपाटामागं उभी राहिले. पाट बाजूला झाला आणि मांडवात कुजबूज सुरू झाली. "गव्हाची दाखवली आन् बाजरीची दिली," असं कुणीतरी बाई मोठ्यानं म्हणाली. लोक हसले. माझा बाप तिथंच होता. पोरगी सहा महिने उसात होती एवढं सांगितलं असतं तर मिटलं असतं. पण सांगितलं तर श्रावणातलं खोटं उघडं पडलं असतं. तो गप्प बसला. म्हणून सासूला बाही वर करून बघावं लागलं.

बाहीच्या आत मी गव्हाचीच होते. त्याचा पुढं उपयोग काही झाला नाही.

शालू सासूनं पूजेनंतर उतरवून घेतला आणि तिच्या पेटीत ठेवला. दोन वर्षांनी तो माझी नणंद तिच्या लग्नात नेसली. ती गोरी होती, तिला तो शोभला, हे मला मान्य करावं लागतं. मला मात्र जन्मभर मळखाऊ रंग मिळाले. काथ्याचा रंग, तपकिरी, काळपट निळा. सणाला लुगडं आणायचं झालं की सासू म्हणायची, "तिला काय, मळखाऊ बघा एखादं." नवरा रंगाबद्दल कधी काही बोलला नाही. उन्हात निघाले की पदर घे म्हणायचा. माझ्यासाठी म्हणायचा की स्वतःसाठी, मी कधी विचारलं नाही.

मला एकच लेक झाली. माझ्यासारखीच. ती दोन वर्षांची असल्यापासून मी तिला साय आणि हळद लावून घासायचे. ती रडायची. मी म्हणायचे, आत्ता रड, पुढं रडायची नाहीस. मला वाटायचं मी तिचं भलं करते आहे. आता वाटतं, तिला आपण काळे आहोत हे सगळ्यात आधी माझ्या हातानं कळलं.

तिच्या लग्नाचा बस्ता जामखेडला काढला. बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं मिळून लग्नाचे कपडे घ्यायला दुकानात बसतात ते. तिच्या वेळेपर्यंत नवरीला न्यायला लागले होते. तिच्या सासरची माणसं साधी होती. शालू त्यांनी घ्यायचा होता, पण तिची सासू म्हणाली, "तिला आवडंल त्यो घेऊ द्या." लेकीनं डाळिंबी शालूवर हात ठेवला. मी तो हात उचलून बाजूला केला. सगळ्यांसमोर म्हणाले, "काळ्यावर गडद घालून काय, फोटोत नुसते दात दिसायचे." सगळे हसले. दुकानदारही हसला. मी अबोली रंगाचा घ्यायला लावला, सगळ्यात फिकट.

मला जन्मभर फिकट रंग कुणी दिला नव्हता. माझ्या लेखी फिकट म्हणजे मान होता. लेकीनं मागितलेलं दुसरंच होतं, हे मला दिसलं नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की त्या माणसांनी तोवर तिच्या रंगाचा शब्द काढला नव्हता. तो आधी मी काढला. पुढं तिची सासू कधी काही टोचून बोलली की लेक मला येऊन सांगायची आणि वर म्हणायची, "तूच शिकवलंस त्यांना." मी म्हणायचे, "मी चेष्टेनं बोलले होते." ती अबोली शालू पुन्हा कधी नेसली नाही.

नवरा गेल्यापासून मी लेकीकडंच असते, नगरला. जावई नागापूरला कारखान्यात आहे. नातही तिथंच दुसऱ्या कंपनीत लागली. मशीनवरून निघालेले भाग मापात आहेत की नाहीत ते तपासायचं काम. ती आम्हा दोघींसारखीच आहे. स्कूटीवर निघताना डोळे सोडून सगळं तोंड ओढणीनं बांधायची, हातात कोपरापर्यंत मोजे घालायची. एकदा मी म्हणाले, "दरोडा घालायला निघालीस का?"

"ऊन लागतं, आज्जी."

"ऊन लागतं, का रंग लागतो?"

ती हसली. "दोन्ही," म्हणाली. खोटं बोलायची सवय तिला नव्हती.

तिला बघायला पाहुणे येणार होते त्या दिवशी तिच्या आईनं पावडरचा डबा काढून ठेवला. नातीनं साबणानं तोंड धुतलं आणि तशीच येऊन बसली. आई आत जाऊन माझ्यावर चिडली, जसं काही मीच सांगितलं होतं. पाहुणे राहुरीकडचे. मुलाचा होकार आला. मुलानं तिला फोनवर सांगितलं म्हणे, मला रंगाचं काही नाही. नातीला ते खरं वाटलं आणि माझ्या माहितीप्रमाणं ते खरंही होतं. पण बस्त्याला मुलाचं कोण ऐकतं? तिथं बाया बसतात.

बस्त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते. नात माझ्यासमोर येऊन बसली आणि मनगट उलटं करून माझ्यापुढं धरलं.

"आज्जी, या शिरा कुठल्या रंगाच्या दिसतात?"

"हिरव्या."

"बरोबर. मोबाईलवर सांगितलंय. निळ्या दिसल्या तर कातडीचा एक प्रकार, हिरव्या दिसल्या तर दुसरा. हिरव्या असल्या की गडद रंग उठून दिसतात. वांगी, डाळिंबी..."

आत तिची आई पोळ्या लाटत होती. डाळिंबी म्हटल्यावर लाटण्याचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

"शिरा सगळ्यांच्याच हिरव्या असतात," मी म्हणाले. "कोंबडीच्या पायाच्या पण असतात."

"चेष्टा नको. मला वांगी पाहिजे. खरा वांगी, काळपट जांभळा, बारीक जरीचा. मी दुकानात जाऊन बघून आले. अंगावर टाकून आरशात बघितला." मग आवाज बारीक करून म्हणाली, "फोटोत मी मला ओळखू आले पाहिजे, बास. दुसरं काही मागत नाही मी त्यांच्याकडं. तू बोलशील ना उद्या? आई घाबरते. तू म्हातारी आहेस, तुला कुणी टाळणार नाही."

मी म्हणाले, "बोलेन."

सोपं वाटलं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी कापडबाजारातल्या दुकानात माडीवर बसलो. खाली पांढऱ्या गाद्या, वर दिव्यांच्या पांढऱ्या नळ्या, दुपारी बारा वाजता सगळ्या लावलेल्या. त्या उजेडात आम्ही तिघी जास्तच काळ्या दिसत होतो, किंवा मलाच तसं वाटत होतं. समोर विहीण, म्हणजे नातीची होणारी सासू, आणि तिची बहीण. विहीण वाईट बाई नाही. बोलायला गोड, हसतमुख. बस्त्यात पहिलं कापड नवरीचं निघतं. शालू ठरला की त्याला हळदकुंकू लावतात आणि मगच दुसऱ्या कपड्यांना हात घालतात. एकदा कुंकू लागलं की तो बदलत नाहीत, अपशकुन म्हणतात. त्यामुळं जे काही बोलायचं ते कुंकवाच्या आधी, हे तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

नातीनं वांगी मागितला. दुकानातल्या माणसानं उलगडून तिच्या डाव्या खांद्यावर टाकला. विहिणीनं बसल्या जागेवरून एक पिस्ता रंगाचा काढायला लावला, तो त्यानं उजव्या खांद्यावर टाकला. नातीला आरशासमोर उभं केलं. अर्धी वांगी, अर्धी पिस्ता.

दुकानातला माणूस म्हणाला, "खरं सांगू का? ताईंना गडद खुलतोय."

विहीण हसून म्हणाली, "दादा, तुम्हाला कापड विकायचंय. आम्हाला सून न्यायचीय."

तिची बहीण फसकन हसली.

"आमचं काही म्हणणं नाही हो," विहीण माझ्या लेकीकडं वळून म्हणाली. "मुलाची शेरवानी पिस्ता ठरलीय म्हणून म्हणते. आणि जरा उजळ दिसेल. फोटो काय, कायमचे असतात."

नात म्हणाली, "काकू, मला तो दुसरा आवडलाय."

"आवडलाय गं. मलाही आवडलाय. तो घे ना पुढं दिवाळीला."

मग माझी लेक बोलली. चांगली ताठ बसून, विहिणीला बरं वाटावं म्हणून, मोठ्यानं. "न्हाईतर काय! काळ्यावर गडद घालून काय, फोटोत नुसते दात दिसायचे."

शब्द न् शब्द माझा. चालसुद्धा माझी, शेवटी जरा वर उचललेली. इतक्या वर्षांत ते वाक्य तिनं कुठं ठेवलं होतं कोण जाणे. विहीण हसली, बहीण हसली, दुकानातला माणूस मान खाली घालून घडी करायला लागला. नात हसली नाही. तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "आगं, पोरीला काय पाहिजे ते इचारा की. नेसायचं तिला हाय."

लेक माझ्याकडं वाकली. तोंडावर हसू तसंच ठेवून, दातातल्या दातात म्हणाली, "आये, तू न्हाई बोलायचं. मला इचारलं हुतंस का तू?"

विहिणीनं विचारलं, "काय म्हणतात आजी?"

"काही न्हाई," लेक म्हणाली, "चहा पाहिजे म्हणत्यात."

"अरे, मग सांगायचं ना! दादा, चहा मागवा आजींना. बिनसाखरेचा का साखरेचा?"

मी म्हणाले, "साखरेचा."

चहा आला. मी तो बशीत ओतला. बशी तोंडाला लावलेली असतानाच विहिणीनं पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि पिस्ता शालूच्या काठाला बोट टेकवलं. नातीनं डाव्या खांद्यावरचा वांगी स्वतःच काढला आणि दुकानातल्या माणसाच्या हातात दिला. "थँक्यू दादा," म्हणाली. उरलेला बस्ता संध्याकाळपर्यंत चालला. ती सगळ्याला मान हलवत होती.

लग्नाच्या दिवशी पहाटेच पार्लरवाली आली. बारीक पोरगी, मोठी पेटी. पिस्ता साडी बघून म्हणाली, याला बेस जरा लाइट घ्यावा लागेल, नाहीतर चेहरा मागं राहील. म्हणजे शालू ठरला आणि आता त्याला शोभेल असं तोंड करायचं होतं. तिनं आधी चेहरा केला, मग गळा, पाठ, मग कोपरापासून हातापर्यंत. ती थरावर थर देत होती आणि नात डोळे मिटून बसली होती. शेवटी उठली तेव्हा तिच्या जागी मंगल कार्यालयातली दुसरीच कुणी मुलगी उभी आहे असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी तिला हाकसुद्धा मारली नाही.

अंतरपाट बाजूला झाला. मुलाकडच्या बायांत कुजबूज सुरू झाली. मग त्यांच्यातली एक म्हातारी माझ्याजवळ येऊन कौतुकानं म्हणाली, "अगं बाई, नवरी वळखूच येईना! केवढी उजळली!" विहीण तिथंच उभी होती, तिचा चेहरा फुलला. माझी लेकही हसली. माझ्या लग्नातही नवरी ओळखू येईना म्हणूनच कुजबूज झाली होती आणि माझ्या बापाची मान खाली गेली होती. आता त्याच बोलण्यावर पेढा मिळत होता.

जेवणं झाल्यावर नात माझ्या पाया पडायला वाकली. घामानं हाताला लावलेला रंग सुटून शालूच्या काठाला लागला होता, तपकिरी पट्टे आले होते. वाकताना तिची बाही जरा वर सरकली. आत, पार्लरवालीचा हात पोचला नव्हता तिथं, ती तिच्या रंगाची होती. सरळ रेघ दिसत होती. माझ्या बाहीच्या आत गहू होता आणि बाहेर बाजरी. हिच्या बाहेर गहू लावला होता. मी बाही खाली ओढून दिली. कुणी बघू नये म्हणून. सवय.

पाचव्या दिवशी ती माहेरी परतली. तिचा नवरा बाहेरच्या खोलीत तिच्या बापाबरोबर बसला होता. आत आम्ही तिघी. तिनं बॅगेतून शालू काढला आणि पलंगावर पसरून घडी घालायला लागली. काठाचे डाग धुऊनही गेले नव्हते. घडी घालताघालता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आज्जी, बस्त्यात तू चहा का प्यालीस?"

लेक म्हणाली, "झालं ना आता. कशाला उकरून काढती?"

"मी आज्जीला विचारते आहे."

मला ते लेकीवर ढकलता आलं असतं. तिनं मला गप्प केलं हे खरंच होतं. पण एवढ्यावर म्हातारी बाई गप्प बसत नाही. मी आयुष्यात याहून मोठ्या माणसांना तोंडावर बोलले आहे. चहा बाजूला ठेवून चार शब्द बोलले असते तर विहिणीनं ऐकलं असतं. कुंकू लागायला वेळ होता.

म्हणून मी खरं ते सांगितलं. "तुझ्या दोन्ही खांद्यांवर दोन रंग टाकले होते ना, तवा मी आरशात बघितलं. पिस्त्याकडची बाजू उजळ दिसत होती. मला बरं वाटलं."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. नात घडी घालायची थांबली नाही.

"माहितीये," ती म्हणाली. "मलाही आरशात दिसलं. तुझं तोंड."

तिनं पदराची बाजू आत दुमडली.

"आई बोलली तोपर्यंत मी नाही म्हणणार होते. तिथंच, सगळ्यांसमोर. नाराज झाले असते, झाले असते. पण तुझं तोंड बघितलं आणि म्हटलं, जाऊ दे. आज्जीला पण हेच पाहिजे."

रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती मशीनवरचा भाग मापात नाही असं सांगावं तशी बोलली. मग उठली, आईचं कपाट उघडलं, सगळ्यात वरच्या कप्प्यातला अबोली शालू जरा बाजूला सरकवला आणि त्याच्यावर पिस्ता ठेवला.

"सासरी नको का न्यायला?" लेकीनं विचारलं.

"कशाला? नेसणार कोण?"

कपाट लावून ती बाहेर गेली. थोड्या वेळानं दोघं निघाले. तिनं नेहमीसारखी ओढणी तोंडाला बांधली, मोजे घातले. दारातून डोळ्यांनी हसली की नाही ते मला कळलं नाही, ओढणीमुळं.

गाडीचा आवाज गेल्यावर लेक माझ्यासमोर येऊन बसली. मग ती उठली आणि म्हणाली, "चहा टाकू का?"

मी म्हणाले, नको.